साखरभात आणि चंद्राचं पान

माझ्याकडे एक हमखास किस्सा आहे. तो मी लग्नात सांगितलाय, बारशात सांगितलाय, एकदा तर तेराव्याची जेवणं झाल्यावर सांगितला आणि लोक तेव्हाही हसले. ज्यांच्या घरचं तेरावं होतं, तेही हसले.

किस्सा असा. माझ्या वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एका छापखान्यामागची पत्र्याची शेड. एका खानदानी बाईंनी आपल्या सासूबाईंची हाताने लिहिलेली पाककृतींची वही बांधायला दिली. पानं सुटी झालेली. मी त्यांच्या कडा कापल्या, शिवणीकडे खळ लावून पट्ट्या चिकटवल्या आणि पानं वाळत घातली. दिवस गुरुवार. वीज गेलेली. पंख्याचं बटण मात्र कुणीतरी पाचवर ठेवून दिलेलं. इथे मी खुर्चीवरून उठतो. वीज आली! इथे मी दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतो. पूर्वी दोन घ्यायचो, आता गुडघा परवानगी देत नाही. एक पान उडालं. वही बांधून झाली आणि मग ते कपाटाखाली सापडलं. वडिलांच्या भीतीने मी काय केलं? पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराखाली चिकटवून टाकलं! तेव्हापासून त्या घरात साखरभात करायला घेतात, पाक करतात, लवंगा टाकतात, पान उलटतात आणि पुढच्या ओळीला त्यात मोहरीची डाळ आणि हिंग घालतात. मुली बघायला मंडळी आली की हाच साखरभात. तीन मुलींची लग्नं मोडली, पण वहीला कुणी दोष दिला नाही. सासूबाईंचा हात होता ना!

इथे लोक कोसळतात. मी खाली बसतो आणि पाणी पितो.

या किस्स्यात एकच गोष्ट खोटी आहे. ती वही पाककृतींची नव्हती.

ते एक अरबी हस्तलिखित होतं. शहरातल्या एका जुन्या संशोधन संस्थेने ते आमच्याकडे बांधायला पाठवलं होतं. आत काय लिहिलंय हे वडिलांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आमच्या धंद्यात पुस्तक वाचत नाहीत, त्याची जाडी बघतात. संस्थेच्या नोंदीतसुद्धा ‘अरबी, जीर्ण’ एवढंच होतं. पानांवर आकडे नव्हते. मी चोवीस वर्षांचा, नुकताच कटिंग मशीनवर बसायला लागलेला, आणि त्या वयात माणसाला धार असलेली कुठलीही वस्तू फार आवडते. वडिलांचं एक ब्रीद होतं, ‘कडा सरळ तर काम सरळ.’ या पानांची खालची कड पाण्याने कुजलेली होती, किड्याने चाळण केलेली होती, आणि तिथे एक आड एक पानाच्या कोपऱ्यात एखादा सुटा शब्द तिरका लिहिलेला होता. मला वाटलं, बोरू चालतोय का ते कुणीतरी बघितलंय. मी चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच उडवला. कात्रणं शेगडीत गेली. त्याच जाळावर मी खळ शिजवली आणि त्याच खळीने पट्ट्या चिकटवल्या.

बाकी सगळं किस्स्यात आहे तसंच. इतर पानांच्या गठ्ठ्यांवर लोखंडी वजनं होती, एकच पान वाळायला वेगळं ठेवलं होतं. ते कुठल्या दोन पानांमधलं, हे नंतर कळायला मला मार्ग नव्हता. संध्याकाळी संस्थेचा शिपाई न्यायला येणार होता. वडील चहाला गेले होते. मागच्या पुठ्ठ्याचं अस्तर अजून ओलं होतं. मी ते उचललं, पान आत सरकवलं आणि वरून दाबून बसवलं. वडील परत आले, पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “झकास.” त्यांनी मला आयुष्यात तीनदा झकास म्हटलं. त्यातलं हे एक.

पुढे वडील गेले, शेड गेली, तिथे आता गाड्या लावतात. मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम केला. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “जुन्या पानाची कड कापणं म्हणजे माणसाची बोटं छाटणं.” मी हात वर करून विचारलं, “आणि समजा, एखाद्याने कापलीच?” सगळे हसले. बाई म्हणाल्या, “तो बाइंडर असतो. तुम्ही आता बाइंडर नाही.” हे ऐकून मला इतकं मोकळं वाटलं की मी घरी जाताना पाव किलो जिलबी नेली. आणि नोकरी कुठे लागली? त्याच संस्थेत. दुरुस्तीच्या खोलीत.

तिथेच सर आले.

सर म्हणजे एका कॉलेजातून निवृत्त झालेले अरबीचे प्राध्यापक. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि भिंग. पहिल्या दिवशी मी त्यांचं स्वागत म्हणून माझ्या नाटकी हिंदीत विचारलं, “आप कहाँ से तशरीफ लाए?” ते शांतपणे म्हणाले, “विश्रांतवाडीहून. आपण मराठी बोलत नाही का?”

आमची मैत्री इथून सुरू झाली.

वाचनालयात अंधार फार, म्हणून ते हस्तलिखित घेऊन माझ्या खोलीत खिडकीजवळ बसायचे. पहिल्यांदा त्यांनी ते पिशवीच्या शेजारी ठेवलं तेव्हा मी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि पुठ्ठ्याने माझ्याकडे. आपलं काम माणूस पाठीमागूनही ओळखतो.

“हे आहे काय, सर?” मी विचारलं. आवाज माझाच होता, थोडा वरच्या पट्टीतला.

“खगोलशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथावरचं भाष्य. यात कुणी आकाशाकडे बघत नाही. आकाशाची रचना कशी असली पाहिजे, गोलात गोल कसे बसले पाहिजेत, एवढाच विचार करत बसतात. हे बघा, मूळ ग्रंथाच्या शब्दांवर लाल रेघ आहे. आणि दोन लाल रेघांच्या मधे भाष्यकार बोलत सुटतो.” माझ्याकडे बघून ते म्हणाले, “त्याला कुणी विचारलेलं नसतं.”

पहिल्या पानाच्या वरच्या बाजूला दोन शब्द वेगळे लिहिले होते. ती म्हणे कीटकांच्या राजाला केलेली विनंती. ‘या कबीकज’, म्हणजे हे कबीकज राजा, तुझ्या प्रजेला आवर, हे पुस्तक खाऊ देऊ नकोस. जुने लेखनिक असं लिहून ठेवायचे.

“मग ऐकलं का राजाने?”

“पानं तुमच्यासमोर आहेत. लोकशाही आली असावी.”

आणि मग ते खालच्या कडेवर आले. मला ठाऊक होतं, ते तिथे येणार.

“इथे रकाबा असतो,” सर म्हणाले. “उजव्या हाताचं पान संपलं की खाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात. पानांना आकडे नसायचे ना, म्हणून. घोड्यावर चढताना पाय ठेवायच्या कडीला आपण रिकीब म्हणतो, तेच. तिच्यात पाय अडकवायचा आणि पुढच्या पानावर चढायचं. या पोथीत एक रकाबा शिल्लक नाही. कुणीतरी हजामत केली आहे.”

“अरेरे,” मी म्हणालो.

“साधी नाही, लग्नाच्या सकाळची हजामत. हा बाइंडर मला भेटला ना...”

“भेटला तर काय कराल, सर?”

“नमस्कार करीन. इतकं सरळ कापणारा माणूस मी पाहिला नाही.”

मी त्या बाइंडरला दोन शिव्या घातल्या. सरांनी भुवया उंचावल्या, म्हणून तिसरी घातली नाही.

आता चंद्राचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर अडलंय. त्या जुन्या गणिताप्रमाणे चंद्र फिरता फिरता पृथ्वीच्या कधी जवळ येतो, कधी लांब जातो. गणित इतकं चोख होतं की चंद्र कुठल्या क्षणी आकाशात कुठे असेल ते बरोबर यायचं. पण त्याच गणिताप्रमाणे अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या मानाने जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा.

“दिसतो का?” सरांनी मला विचारलं.

“मी वारज्याला राहतो, सर. आम्हाला समोरची बिल्डिंग दिसते.”

“गच्चीवर जा.”

गेलो. त्या अष्टमीला गेलो, पुढच्या पौर्णिमेला गेलो. सारखाच दिसतो. म्हणजे शेकडो वर्षं मोठेमोठे विद्वान पुस्तकात दुप्पट चंद्र लिहीत होते आणि बाहेर येऊन एकपट बघत होते. आमच्या भाष्यकाराने ही शंका स्पष्ट लिहिली होती. शंका लिहून तो पुढे लिहितो, ‘आणि तिचं उत्तर’. पान संपलं. डावीकडच्या पानावर लाल शाईत मथळा, ‘बुधाविषयी’. चंद्र संपला.

सरांचा शोध हा होता. ते म्हणायचे, इथे काही हरवलेलं नाही. या माणसाला उत्तर सापडलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने काहीतरी ठोकून दिलं असतं. याने वाक्य अर्धं ठेवलं आणि पान उलटलं. “इतक्या जुन्या काळी,” सर सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, “एक माणूस मला माहीत नाही असं म्हणायला लाजला नाही. मी चाळीस वर्षं शिकवलं. मला वर्गात एकदाही जमलं नाही.”

या भाष्याची दुसरी प्रत कुठे सापडलेली नव्हती. सरांनी लेख लिहिला. परदेशातल्या एका परिषदेत तो वाचायला बोलावणं आलं. आयुष्यातला त्यांचा एकमेव विमानप्रवास. येताना तिथल्या बाइंडिंगच्या दुकानातून त्यांनी माझ्यासाठी हाडाची पट्टी आणली, कागद दाबायला आणि सोडवायला वापरतात ती, पिवळसर, लोण्यासारखी गुळगुळीत. “तुम्ही या पोथीची काळजी घेता म्हणून,” असं म्हणाले.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“सांगून टाका,” ती म्हणाली.

“सांगतो.”

असं म्हणता म्हणता सात वर्षं गेली. दरम्यान ती आठवण करून द्यायची. “तुमचा तो साखरभात एक दिवस नासणार आहे हं.” आधी मला नोकरीची भीती होती, हे कबूल करतो. नंतर नोकरी पक्की झाली आणि भीती जायला हवी होती. पण तोवर सरांचा चेहरा पाठ झाला होता. तो अर्ध्या वाक्याचा माणूस त्यांचा कोण लागत होता देव जाणे, पण ते त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचे. “आमच्या भाष्यकारांना कफाचा त्रास असावा. थंडीतली पानं घाईत लिहिलेली दिसतात.” असल्या माणसाच्या घरचं माणूस मी कुठल्या तोंडाने काढून घेणार होतो?

आणि निर्लज्जपणा ऐका. संस्थेत एका शिपायाचा निरोपसमारंभ होता, लोकांनी आग्रह केला, आणि मी सरांसमोर साखरभाताचा किस्सा सांगितला. गिरकीसकट. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “मग ते पान अजून तिथेच आहे?”

“असेल की, सर!” मी म्हणालो. “पुठ्ठ्यात कोण बघतंय!”

त्यानंतर दोन वर्षांनी सरांचे डोळे गेले. एकदम नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार, त्यात मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं. माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा नाही, कान दिसतात. सर म्हणाले, “मला आता फक्त कडा दिसतात. आणि या पोथीच्या कडा कुणीतरी नेल्या.”

मी खळ ढवळत राहिलो. ती घट्ट झाली होती, तरी ढवळत राहिलो.

त्यांचं एकच काम राहिलं होतं. पूर्ण भाष्याची मुद्रित आवृत्ती तयार होती, एका प्रकाशकाने घेतली होती, प्रस्तावना तेवढी शेवटची नजर फिरवून छापायला जाणार होती. प्रस्तावनेत काय होतं? ते अर्धं वाक्य. सगळी प्रस्तावना त्या एका वाक्यावर उभी होती. सरांची मुलगी आयटीत होती, तिने सुट्टी घेऊन सगळा मजकूर टाइप करून दिला होता. सर तरीही यायचे, रिक्षाने. वाचता येत नव्हतं. खिडकीजवळ बसून पानांवरून नुसती बोटं फिरवायचे.

एक दिवस ते चंद्रापाशी थांबले. उजव्या पानावर बोट, डाव्या पानावर बोट. मग मागची चार पानं, पुढची चार पानं, आणि पुन्हा तिथेच.

“अहो,” त्यांनी मला हाक मारली. “किडा उडी मारतो का?”

“काय?”

“हात आणा इकडे. इथे शिवणीजवळ भोकं आहेत. तीन. मागच्या पानावर तीन, त्याच्या मागच्यावर तीन, जागा त्याच. समोरच्या पानावर दोन, आणि ती जराशी खाली. सबंध पोथीत असं कुठेच नाही. किडा पानातून पानात सरळ जातो. तिसरं भोक मधेच कुठे संपलं?”

इतकी वर्षं भिंगाने जे दिसलं नाही ते दोन मिनिटांत त्यांच्या बोटांना कळलं होतं. माझ्या तोंडून काय बाहेर पडलं सांगू? “सर, पुण्यातला किडा आहे. एक ते चार झोपला असेल, उठल्यावर दुसरीकडून सुरुवात केली.”

ते हसले, पण अर्धंच. पोथी मिटली. मागच्या पुठ्ठ्यावर क्षणभर तळहात ठेवला, वडिलांनी ठेवला होता तसाच, आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

चार दिवसांनी सकाळी फोन आला.

“अहो, तो तुमचा साखरभात.”

मी उभा राहिलो.

“त्या बाई कुठल्या पेठेतल्या?”

“सर...”

“साखरभाताच्या पुढच्या ओळीला मोहरी येते, असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्याकडे चंद्राच्या पुढच्या ओळीला बुध येतो.”

“मी येतो सर, लगेच निघतो, समोर बसून सगळं...”

“येऊ नका. मला गोष्ट नको आहे. हो की नाही, एवढंच सांगा.”

माझ्या आयुष्यात मला एका शब्दाची भूमिका कधी मिळाली नव्हती. “हो,” मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवडे काही नाही. खिडकीजवळची खुर्ची तशीच. मी प्रमुखांना लेखी कबुली दिली, मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. बायकोने मेमो वाचला आणि घडी करून मला परत दिला. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. मग एका दुपारी सरांच्या मुलीचा फोन आला. “काका, अब्बा विचारतायत, अस्तर ओलं केलं तर शाई पसरेल का?”

“नाही पसरणार. कोळशाच्या काजळीची शाई आहे.”

तिने तिकडे सांगितल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, “ते म्हणतायत, मग वाट कसली बघताय?”

ओला टिपकागद ठेवला, वर काच, काचेवर वजन. खळ चांगली शिजवलेली असली की इतक्या वर्षांनीही पाण्याला ओळख देते. माझी चांगली शिजली होती, त्या कात्रणांचा जाळ चांगला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी दिलेली हाडाची पट्टी अस्तराखाली घातली आणि अस्तर सुटलं. पान होतं. तपकिरी पडलेलं, पण सबंध. शिवणीजवळ भोकं होती. तीन. दोन किडे उतरत उतरत पार झाले होते, तिसरा आतच थांबला होता. बारीक तुसासारखं त्याचं काहीतरी अजून भोकात होतं.

आता परिस्थिती बघा. पान सापडलं. मला दिसतं, वाचता येत नाही. सरांना वाचता येतं, दिसत नाही. मुलीला अरबी येत नव्हती. मी सुचवलं की फोटो परदेशी पाठवू, कुणीही पाच मिनिटांत वाचून देईल. सर म्हणाले, “हे एवढं पान मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.”

म्हणून मी तीन रविवार विश्रांतवाडीला गेलो. पानाचा फोटो मोबाइलवर मोठा करायचा, आणि जसा आकार दिसेल तसा बोटाने सरांच्या तळहातावर काढायचा. उजवीकडून डावीकडे. टिंबं किती, वर की खाली, ते तोंडाने सांगायचं.

“एक बारीक गाठ. तिला जोडून वाकडी काठी, वर एक टिंब. मग सुटलं. मग एक उंच, तिरकी शेंडी असलेलं. त्याला जोडून एक वेटोळं, शेपूट खाली. मग सुटी एक कोयती.”

“मीम,” सर म्हणाले. “झाल. काफ. वाव. रे.” आणि तोच शब्द स्वतःच्या बोटाने तळहातावर पुन्हा गिरवला.

“काय आहे, सर?”

“मजकूर. हा शब्द तर तुम्ही रोज वापरता. अरबीत त्याचा अर्थ, सांगितलेलं, नमूद केलेलं.” त्यांनी तळहात मिटून घेतला. “आणि तिचं उत्तर नमूद केलेलं आहे. कुठे, ते पुढच्या ओळीत येईल. आज एवढंच.”

मुलीने चहा आणला. कुणी प्यायलं नाही. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, त्यांच्या मनासारखं असू दे हं त्यात.” जणू ते पान मीच लिहिणार होतो.

दुसऱ्या रविवारी आणखी सात ओळी झाल्या. तिसऱ्या रविवारी पान संपलं. उत्तर असं होतं: आणि तिचं उत्तर आमच्या गुरूंच्या मोठ्या ग्रंथात नमूद केलेलं आहे, ज्याला हवं त्याने तिथे पाहावं, इथे विस्तार केला तर वाचक कंटाळेल. त्यानंतर काही अंतरं, काही मापं, आणि चंद्राचं प्रकरण संपलं.

म्हणजे शंकेपाशी थबकलेला माणूस नव्हता. उत्तरही नव्हतं. एक दमलेला मास्तर होता, त्याने पोरांना सांगितलं, गाईडमध्ये बघा.

बाहेर आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. सरांनी तळहात उताणा मांडीवर तसाच ठेवला होता, जसं कुणी त्यावर अजून काही ठेवणार आहे. मग म्हणाले, “मीसुद्धा वर्गात असंच सांगायचो.”

“सर, मला माफ...”

“तुम्ही नसतात,” ते म्हणाले, “तर मला हा माणूस पंधरा वर्षांपूर्वीच कळला असता. आणि मी लेख लिहिला नसता. विमानात बसलो नसतो. ही तुमची स्तुती नाही.”

“नाही, सर.”

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला पत्र सांगितलं आणि तिने ते परिषदवाल्यांना पाठवलं. माझा निष्कर्ष चुकीचा होता, पान सापडलं आहे, सोबत फोटो जोडला आहे. मी म्हटलं, “सर, चूक माझी म्हणून लिहा.” ते म्हणाले, “पान तुम्ही लपवलंत. त्यावर इमला मी बांधला. आपापलं घ्यावं.” पत्राला उत्तर आलं नाही. प्रकाशकांना नवी प्रस्तावना पाठवली, दीड पानांची. त्यांनी अदबीने विचारलं, मग यात नवीन काय आहे? सर म्हणाले, “प्रश्न योग्य आहे.” पुस्तक निघालं नाही. मुलीने टाइप केलेला सगळा मजकूर तिच्या लॅपटॉपवर आहे.

सर शेवटचे आले ते पान जागेवर बसवायच्या दिवशी, मुलीचा दंड धरून. मी शिवण सोडून पान आत घेतलं होतं. कापलेल्या खालच्या कडेला सगळीकडे नव्या हातकागदाची पट्टी जोडली होती, दुरुस्तीत जोडतात तशी. त्यांनी उजव्या पानावर बोट ठेवलं, मग सापडलेल्या पानावर, मग बुधाच्या पानावर. तीन, तीन, दोन. मान हलवली.

“रकाबा,” ते म्हणाले. “बोरू आहे?”

मूळ कागदावर कुणालाही काही लिहू द्यायचं नसतं. पण पट्टी माझी होती. मी बोरू शाईत बुडवून त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट धरून उजव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात नेलं. त्यांनी तिरका शब्द लिहिला. मीम, झाल, काफ, वाव ठीक आले. रे घसरला, पट्टीची कड ओलांडून खालच्या टिपकागदावर गेला.

“बाहेर गेलं का?”

“थोडंसं, सर. शेपूट.”

त्यांनी बोरू माझ्याकडे दिला आणि मुलीचा हात शोधला.

“असू दे,” ते म्हणाले. “कापू नका.”